दोलोरोसाच्या मागे पोंसो

आमच्या सांता तेक्ला गावात गुड फ्रायडेची मिरवणूक संपली हे डोळ्यांनी बघावं लागत नसे, नाकालाच कळे. आधी येशूची शवपेटी जाई, मग पीटर, मग जॉन, मग मग्दालीन यांच्या मूर्ती. या सगळ्यांना मेणबत्त्यांवर भागवावं लागे. सगळ्यात शेवटी चाळीस दिव्यांच्या रथात माझी दोलोरोसा, दुःखी माता. आणि तिच्यामागे वीस हातांवर, लाल हातगाडीवर धडधडता जनरेटर ढकलत इल्देफोन्सो कातापांग, म्हणजे आमचा पोंसो. डिझेलचा भपकारा आला की कडेला उभ्या बायका "पोंसो गेला, चला," म्हणत आणि मेणबत्त्या विझवून घराकडे वळत.

'माझी दोलोरोसा' मी उगाच म्हणत नाही. चार पिढ्या ती आमच्याच घरी आहे. तिला नेसवणं, केस विंचरणं, रथ सजवणं, वर्षभर वरच्या मजल्यावर देवघरात सांभाळणं, हे आईकडून माझ्याकडे आलं. पस्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, चर्चच्या कमिटीत आहे, चर्चमध्ये वाचनही मीच करते. गावात मला आते चोलेंग, म्हणजे चोलेंगताई, म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे. तर अशा बाईने ही गोष्ट सांगायची म्हणजे स्वतःचेच कान धरायचे.

पोंसो बुटका, पाय कमानीसारखे, आणि आवाज खाडीपलीकडे पोहोचेल असा. एवढी वर्षं त्या यंत्राशेजारी काढल्यावर उजवा कान पार गेला आणि डावा अर्धा उरला, त्यामुळे सगळं जगच बहिरं आहे असं समजून तो बोलतो. फादर निलो त्याचं कन्फेशन चर्चमागच्या आंब्याखाली ऐकतात, नाहीतर त्याची पापं गावभर होतील. पापं तरी कसली, तर शेजाऱ्याच्या कोंबड्याला शिव्या दिल्या आणि उपवासात सुक्या मासळीचा एक तुकडा जास्त खाल्ला. जनरेटरचं नाव त्याने बेर्ता ठेवलं होतं. बायको गेल्यावर तो तिच्याशीच बोलायचा, आणि बेर्ताच काय ती त्याच्यापेक्षा मोठ्याने उत्तर द्यायची.

तरुणपणी तो पलीकडच्या किनाऱ्यावरच्या वीजघरात बोटींतून कोळसा उतरवायचा. अकरा वर्षांनी छातीत खोकला घेऊन बाहेर पडला, आणि हाताशी होते ते पैसे घालून एक भंगारातला जनरेटर घेतला. स्वतः खोलून, घासून, जोडून त्याने तो उभा केला. वीज गेली की लग्नाला पोंसो, मयताच्या घरी रात्रभर दिवे जळायला हवेत तर पोंसो. त्यावर त्याचं घर चालायचं.

मिरवणुकीचं मात्र तो काही घेत नसे. तो नवस होता. त्याची नियेवेस सहा वर्षांची असताना डेंगीने फणफणली. वादळात दवाखान्याची वीज गेली. गुडघाभर पाण्यातून पोंसोने बेर्ताला ढकलत तिथे नेलं आणि दोन दिवस, दोन रात्री ती चालू ठेवत बसून राहिला. तिथेच म्हणाला, "माते, पोर वाचली तर पाय चालतील तोवर दर गुड फ्रायडेला तुझ्यावर उजेड पाडीन." पोर वाचली. आता दोन मुलांची आई आहे आणि बापावर ओरडण्यात तरबेज आहे. एकतीस वर्षं पोंसोने एक गुड फ्रायडे चुकवला नाही. एका वर्षी पाय मोडला होता तरी काठी टेकत आला आणि जावयाला ढकलायला लावून शेजारून चालला.

आता माझ्या शहाणपणाकडे येते. त्या वीजघराला कोळशाच्या आणखी दोन चिमण्या उभारायच्या असं ठरलं, तेव्हा फादर निलो पेटून उठले. त्यांचं तोंड तसं गोड, बिलो-बिलोची गोड खीर खाऊन झोपणारा माणूस, पण या गोष्टीवर कोणाचं ऐकत नसत. बिशपांचं पत्र आलं, ते जानेवारीत मीच चर्चमध्ये वाचलं. कोळसा, तेल, वायू आता जमिनीतच राहू द्या. ते बंद करायचा करार सगळ्या देशांनी मिळून करावा, आणि आपण सुरुवात आपल्या छपरापासून करावी. शेवटी एक वाक्य होतं: या कामावर ज्यांचं पोट आहे त्यांना आधी विचारा, त्यांना बरोबर घ्या, नाहीतर हा बदल न्यायाचा होणार नाही. ते मी इतकं चांगलं वाचलं की दोन बायकांनी डोळे पुसले. माझ्या आवाजाचा मला अभिमान आहे, लपवून काय करू?

नव्या चिमण्यांविरुद्ध गावाने अर्ज केला, त्यावर पहिली सही पोंसोची होती. "कोळसा जाऊ दे गाढवाच्या घरी!" असं तो चर्चच्या दारात ओरडला, आणि वर लगेच खोकला.

आठवड्याने बाजारात सभा झाली. ध्वनिक्षेपकाला वीज कुठून आणायची? अर्थात पोंसोकडून. फादर तावातावाने बोलत होते, "हा धूर आपल्या लेकरांच्या छातीत जातोय!" आणि नेमका वारा फिरला. बेर्ताचा काळा लोट व्यासपीठावर आला, फादरना ठसका लागला, आणि पुढची पाच मिनिटं ते बोलूच शकले नाहीत. पोरं फिदीफिदी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात कमिटी बसली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "या वर्षी दोलोरोसा सूर्याच्या विजेवर निघेल. जनरेटर नको." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फादर म्हणाले, "वा, चोलेंग!" या 'वा'साठी मी काय काय करते ते देवालाच ठाऊक. उन्हावर वीज करणारी एक पट्टी, एक बॅटरी, नवे बारीक दिवे, सगळं ठरलं. पोंसोचं नाव निघालं ते इतकंच, की "त्याला कोणीतरी सांगायला हवं."

मीच गेले. जाताना गरम बिबिंका नेली, म्हणजे वाईट बातमी गोडाबरोबर उतरेल. तो अंगणात बेर्ताचा नट आवळत बसला होता.

"पोंसो, या वर्षी तुला आराम."

"काय?"

"आराम! मिरवणुकीत जनरेटर नाही! सूर्यावरचे दिवे आणतोय!"

तो हसला. "अरे वा. बरं झालं, आते. डिझेल केवढं महाग झालंय. खोकलाही कमी होईल." बिबिंकाचा तुकडा तोडला, अर्धा माझ्यापुढे धरला. मग हात तसाच राहिला. "मग मी कुठे चालू?"

"म्हणजे?"

"मिरवणुकीत. मी कुठे चालायचं?"

"आमच्याबरोबर चाल की! मेणबत्ती घे आणि चाल, सगळे चालतात तसा."

"सगळ्यांचा नवस नाही, आते."

मी शाळेतला आवाज काढला. म्हटलं, माता काही अशी अडून बसत नाही, तिला मनातलं कळतं. तो मान हलवत राहिला. किती ऐकू आलं कोण जाणे. मी निघाले तेव्हा तो नट पुन्हा आवळत होता, आवळलेलाच. घरी येताना मला वाटलं, चला, फार कटकट न होता निभावलं.

फेब्रुवारीत आणखी एक झालं. चर्चनेच जनरेटर बंद केला म्हटल्यावर लोकांना वाटलं, फादरना चालत नसावा. पोंसोची दोन लग्नं गेली आणि एका मयताच्या घरी तर गॅसबत्त्या आणल्या, पण त्याला बोलावलं नाही. नियेवेस बाजारात मला भेटली आणि मासे निवडता निवडता म्हणाली, "आते, पापा हल्ली बोलतच नाहीत. घर इतकं शांत कधी नव्हतं." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "वय झालं ग त्याचं." आणि चांगला मोठा मासा घेऊन घरी आले. अजूनही ते आठवलं की तोंड कडू होतं.

मार्चमध्ये रथ तयार झाला. शहरातून आलेल्या कारागिराने पाठीमागच्या चौकटीवर काळी चकचकीत पट्टी बसवली, खाली बॅटरीची पेटी. "अंगणात उन्हात ठेवा, बाकी काही करू नका," म्हणून गेला. मी कसली ऐकते! तीन संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून चाळीसच्या चाळीस दिवे लावून दाखवले. सगळे "अहाहा" म्हणाले. मग उपवासकाळाचा पाचवा रविवार उजाडला.

पाचव्या रविवारी चर्चमध्ये सगळे क्रूस, सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात, ते गुड फ्रायडेपर्यंत. आमच्या घरी त्याहून कडक. मूर्ती तर झाकायचीच, पण रथही. आईचा नियम होता की रथ बोटभरसुद्धा दिसता कामा नये. मी तिचं जाड जांभळं कापड काढलं, इस्त्री केली, आणि रथ पुढून मागून, वरून खालून असा गुंडाळला की वाऱ्यालाही आत जायला फट राहिली नाही. चारी कोपऱ्यांना गाठी मारल्या. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. छान दिसत होता. दोन आठवडे रथ रणरणत्या उन्हात उभा होता, आणि मी रोज कौतुकाने म्हणत होते, काय कडक ऊन पडलंय, सूर्य अगदी मन लावून काम करतोय.

गुड फ्रायडेला दुपारी चारला कापड काढलं. साडेपाचला मिरवणूक निघाली. या वर्षी मागे धडधड नाही, वास नाही. कसं छान वाटेल असं वाटलं होतं, पण काहीतरी राहून गेल्यासारखं लोक सारखे मागे वळून बघत होते. पोंसो रस्त्याच्या कडेला, गटाराच्या बाजूने चालत होता. नियेवेसने हातात दिलेली मेणबत्ती त्याने दोन्ही हातांनी आडवी धरली होती, गाडीचा दांडा धरावा तशी. ती विझली होती आणि त्याचं लक्ष नव्हतं.

अंधारू लागलं तेव्हा आम्ही दिवे लावले. सगळे चाळीस लागले. बाजाराच्या तोंडाशी आलो तर ते पिवळे पडले. मासळीच्या ओट्यापाशी लाल झाले. आणि मग, हजार माणसांच्या समोर, माझी दोलोरोसा अंधारात गेली.

रोजरी अर्ध्यावर थांबली. पुढून फादर घाईघाईने आले. "चोलेंग, काय झालं?"

"मला काय विचारता! त्या कारागिराला विचारा! वस्तूच फसवी दिली!" दुसऱ्यावर ढकलायला मला वेळ लागत नाही.

तेवढ्यात गर्दीतून पोंसो आला. कोणी बोलावलं नव्हतं. गुडघ्यांवर बसला, पेटीला हात लावला, पट्टीवरून बोट फिरवलं.

"आते, हिला ऊन लागतं ना?"

"दोन आठवडे अंगणातच होती."

"उघडी?"

मी रथावरची फुलं सारखी करायला लागले.

"आते, उघडी होती ना?" त्याचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. अख्खा बाजार आमच्याकडे बघायला लागला.

"कापड होतं," मी पुटपुटले.

"काय?"

"जांभळं कापड."

"ऐकू येत नाही, आते!"

शेवटी मी ओरडले, "झाकून ठेवली होती मी! पाचव्या रविवारपासून! गाठी मारून!"

गुड फ्रायडेला हसायचं नसतं. मासेवाल्या बायकांनी तोंडात रुमाल कोंबले. फादर निलोंनी शवपेटीच्या दिशेला तोंड फिरवलं, पण खांदे गदगदत होते ते सगळ्यांनी पाहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, "बेर्ताला आणा!" मग दहाजण म्हणाले. पोंसोचं घर तिथून पाच मिनिटांवर. फादरही वळून म्हणाले, "पोंसो, आणा तुमचा जनरेटर. आज देव रागावणार नाही."

मी पोंसोकडे बघितलं. सगळं गाव त्याला मागत होतं. त्याने बेर्ताला आणलं असतं, धूर काढत आमच्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून चालला असता, तर मी एक शब्द बोलले नसते. पण तो जागचा हलला नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन महिन्यांत मी त्याला सांगितलं होतं, समजावलं होतं, बिबिंका खायला घातली होती. एक गोष्ट केली नव्हती.

"पोंसो," मी म्हटलं, "तू सांग. काय करायचं?"

हे मात्र त्याला पहिल्या खेपेलाच ऐकू आलं. "आता विचारता होय!" तो म्हणाला. "जानेवारीत मी घरीच होतो, आते."

"चुकले मी."

"काय?"

"चुकले मी, पोंसो!" या खेपेला कोणीही हसलं नाही.

त्याने मनगटाने नाक पुसलं. "अकरा वर्षं कोळसा गिळलाय मी. तो का जायला हवा ते तुमच्या पत्रात वाचून मला कळायला नको. आणि बेर्ता म्हातारी झालीय, ते मला ठाऊक नाही का? जनरेटर काढू नका असं मी कधी म्हटलं? मी कुठे चालू, एवढंच विचारलं होतं."

फादरनी मान खाली घातली. मी तर आधीच घातली होती.

"बेर्ता नको," पोंसो म्हणाला. "आणि हे पेटीचं यंत्र मला शिकवायला लावा. मयताच्या घरी दिवा लागतोच, मग तो कशावर का जळेना. मी ते नीट बघीन. निदान गुंडाळून तरी ठेवणार नाही." मग इकडेतिकडे बघून हुकूम सोडायला लागला, जणू दर वर्षी तोच मिरवणूक चालवतो. "मेणबत्तीवाले दोन्ही बाजूंनी या. जवळ, आणखी जवळ, कपडे सांभाळा. शवपेटीपुढची ती उंच मेणबत्ती मला द्या. उजेड पुढून पाहिजे, मागून काय कामाचा?"

आणि तो रथाच्या पुढे जाऊन उभा राहिला. उंच मेणबत्ती दोन्ही हातांनी वर धरली, तोंड मातेकडे, पाठ रस्त्याकडे. तसाच उलटा चालायला लागला. पडेल म्हणून नियेवेसने मागून त्याचा पट्टा पकडला आणि "डावीकडे, पापा! खड्डा, पापा!" करत त्याला वळवत राहिली. त्या बारीक उजेडात फक्त मातेचा चेहरा दिसत होता, चाळीस दिव्यांत कधी दिसला नव्हता असा. बायकांनी पुन्हा रोजरी धरली, मग गाणं. दोन कडवी झाल्यावर पोंसो भर मिरवणुकीत ओरडला, "आते, तुम्ही दर वर्षी इतकं बेसूर गाता?"

"आज पहिल्यांदा ऐकतोयस, आजवर वाचलास!" मी म्हटलं. खरं तर मला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

चर्चच्या पायऱ्यांपाशी रथ थांबला. लोक पांगले. मी कापड घेऊन मातेकडे आले तर पोंसो अजून तसाच उभा, मेणबत्तीचं मेण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेलं. तो तिच्याकडे टक लावून बघत होता.

"आते," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. "ही रडतेय."

"काचेचे अश्रू आहेत रे. माझ्या पणजीने बसवून घेतलेले. नेहमीचेच आहेत."

"नेहमीचेच?"

"दोन्ही गालांवर. तुला माहीत नाही? एकतीस वर्षं तू तिच्याबरोबर चालतोयस!"

"मला कसं माहीत असणार?" तो म्हणाला. "मी मागे होतो."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. दर वर्षी तो तारा जोडायला माझ्या अंगणात यायचा. पायाला तेल असतं म्हणून जिन्याखालीच थांबायचा, आणि मी वरूनच हाक मारायचे, झालं का रे? मूर्ती वरच असायची, देवघरात, दहा पायऱ्या चढून. एकतीस वर्षांत मी त्याला एकदाही 'वर ये' म्हटलं नव्हतं. ते त्या पायरीवर बसून म्हटलं, आणि तेही दोनदा ओरडून म्हणावं लागलं.